चौकटीतलं नाव

पतपेढीत खातं उघडताना किंवा दवाखान्यात नोंदणी करताना समोरचा माणूस आपलं नाव, वय, गाव विचारतो आणि पडद्यावरच्या पांढऱ्या चौकटींत टाइप करतो. या चौकटीला टेक्स्ट फील्ड म्हणतात. तिच्यातला मजकूर वाचणारा कोड लिहिणं हे नवशिक्याचं काम समजलं जातं. मला ते तसं वाटत नाही. आपलं नाव यंत्रात नीट शिरणार की अडणार, हे तिथेच ठरतं.

उदाहरण जावा या प्रोग्रामिंग भाषेचं घेतो. १९९८ साली जावा १.२ बरोबर खिडक्या, बटणं, चौकटी बांधायचा ‘स्विंग’ हा संच आला. त्यात चौकटीला ‘गेटटेक्स्ट’ म्हटलं की आतला मजकूर हाती येतो. विद्यार्थी पुष्कळदा खिडकी बांधता बांधताच ही ओळ लिहून टाकतात आणि हाती रिकामा मजकूर येतो. साहजिकच आहे, अजून कोणी काही लिहिलेलंच नसतं! वाचायचं ते बटण दाबल्यावर. त्यासाठी बटण दाबलं जाण्याची वाट पाहणारा ‘लिसनर’ बटणाला जोडायचा आणि वाचनाची ओळ त्याच्या आत ठेवायची. कधी वाचायचं ते वापरणारा ठरवतो, प्रोग्राम नाही.

दुसरं असं, की चौकटीतून येतो तो फक्त मजकूर. वय ४५ लिहिलं तरी ती संख्या नसते, ती करून घ्यावी लागते. ते काम करणारं जावाचं ‘पार्सइंट’ देवनागरी ४५ बिनतक्रार स्वीकारतं, पायथन भाषेचं ‘इंट’ही. सी-शार्पचं नेहमीचं रूपांतर मात्र ते नाकारतं, त्याला इंग्रजी आकडेच लागतात. म्हणजे मराठीत वय लिहिणारी बाई चुकली की नाही, हे प्रोग्रामरने कोणती भाषा निवडली यावर अवलंबून!

नावाच्या चौकटीत तर याहून मोठा घोळ आहे. नावात आकडे येऊ नयेत म्हणून प्रोग्रामर एक तपासणी घालतो: प्रत्येक चिन्ह अक्षर आहे का? पायथनमध्ये त्यासाठी ‘इजअल्फा’ आहे. त्यातून ‘कमल’ पार होते, ‘शीतल’ अडते. का? युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक प्रमाणाच्या वर्गवारीत क, म, ल ही अक्षरं आहेत, पण वेलांटी अक्षरांत मोडत नाही, ती अक्षराला जोडली जाणारी खूण आहे. जावाचं ‘इजलेटर’ही असंच अडवतं. त्याऐवजी ‘इजअल्फाबेटिक’ वापरलं तर शीतल सुटते, पण कृष्णा अडकतो, कारण मधला हलंत त्यालाही चालत नाही. ज्याच्या नावात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, जोडाक्षर काहीच नाही, तेवढाच माणूस बिनधोक आत जातो. ही तपासणी लिहिणाऱ्याच्या मनात कुणाला वगळायचं नसतं. त्याने फक्त इंग्रजी नावं टाकून पाहिलेली असतात.

आता गावाच्या चौकटीतलं ‘कऱ्हाड’ घ्या. त्यातला अर्धा र काही कीबोर्ड ‘ऱ’ला हलंत जोडून लिहितात, तर काही साध्या ‘र’ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला मात्र ती दोन वेगळी गावं. एका पद्धतीने साठवलं आणि दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर नोंद सापडत नाही. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरण इथे कामी येत नाही, ते या दोन रूपांना एक करत नाही. म्हणून साठवतानाही आणि शोधतानाही दोन्हींचं एकच रूप करणारी ओळ आपणच लिहायला हवी. मराठी माणसांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती लिहावी, असं मी आग्रहाने सांगतो.

मग नावावर तपासणी कोणती ठेवायची? माझ्या मते चौकट रिकामी नाही ना, एवढीच. लांबीची मर्यादा घालायचीच असेल तर सढळ हाताने घाला, कारण ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण यंत्र तिथे चार चिन्हं मोजतं.

आणि खरोखरच चूक सापडली तर? कित्येक प्रोग्राम ‘अवैध माहिती’ एवढं म्हणून सगळा अर्ज कोरा करतात. एका बोटाने टाइप करणाऱ्या माणसावर हा अन्याय आहे. लिहिलेलं तसंच राहू द्या, कर्सर चुकलेल्या चौकटीत न्या आणि शेजारी मराठीत लिहा: ‘वय फक्त आकड्यांत लिहा, उदा. ४५’. स्विंगमध्ये कर्सर तिथे नेणं आणि आतला मजकूर निवडून ठेवणं हे दोन ओळींचं काम आहे.