पद आणि अधिकार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पंडरी, रायपूर येथे भरलेल्या सभेत महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या सभेत महिला शाखेस बोलण्याची संधी दिल्याबद्दल आम्ही मंडळाच्या ऋणी आहोत. गेल्या पन्नास वर्षांतील गणेशोत्सव, नाटके आणि वाचनालय ह्यांविषयी आज पुष्कळ बोलले गेले, आणि ते योग्यच झाले. आम्ही मात्र निराळा विषय घेतला आहे. सार्वजनिक जीवनात स्त्रीचे नेतृत्व कितपत रुजले आणि तिच्या वाटेत कोणते अडसर आहेत, ह्याचा थोडा विचार आपणांसमोर मांडावा असा आमचा मानस आहे. आनंदाच्या प्रसंगी हा विषय काहींस रुक्ष वाटेल; पण घरच्या माणसांनी घरच्याच माणसांशी बोलावे, त्या भावनेने तो ऐकावा, ही विनंती.

सभा पंडरीत भरली आहे, म्हणून आरंभ येथल्या कापडबाजारापासूनच करतो. लग्नसराईत ह्या बाजारात पाऊल ठेवावयास जागा नसते. साड्यांच्या घड्या उलगडल्या जातात त्या स्त्रियांसमोर; रंग, पोत, किंमत ह्यांचा निर्णयही बहुधा त्याच करतात. मात्र दुकानाच्या गादीवर स्त्री बसलेली क्वचितच दृष्टीस पडते. निवड तिची आणि गादी दुसऱ्याची, हे चित्र आपणां सर्वांच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही न्यून आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. राज्यकारभारातील चित्रही फारसे वेगळे नाही.

आपला मराठी माणूस ह्या प्रदेशात आला तो मुख्यत्वे नागपूरकर भोसल्यांच्या पाठोपाठ. बिंबाजी भोसले ह्यांनी रतनपूर येथे राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे व्यंकोजी भोसल्यांनी सुभेदारांकरवी कारभार चालविला आणि महिपतराव दिनकर हे पहिले सुभेदार नेमले गेले. परंतु त्या काळी रतनपुरात सत्तेची खरी सूत्रे बिंबाजींच्या पत्नी आनंदीबाई ह्यांच्या हाती होती, असे ह्या प्रदेशाचा इतिहास सांगतो. म्हणजे अधिकार त्यांच्यापाशी होता, पद मात्र दुसऱ्याच्या नावे होते.

आता एकदम आपल्या काळात येऊ. मार्च २०२५ मध्ये ह्याच राज्याच्या कबीरधाम जिल्ह्यातील परसवारा ग्रामपंचायतीत सहा स्त्रिया पंच म्हणून निवडून आल्या होत्या. शपथविधीच्या वेळी त्यांच्याऐवजी त्यांच्या पतींनी शपथ घेतली. ह्या प्रकाराचा बोभाटा झाला आणि पंचायतीच्या सचिवास निलंबित करण्यात आले. येथे पद स्त्रियांच्या नावे होते, अधिकार मात्र इतरांनी उचलला. आनंदीबाईंपासून परसवाऱ्यापर्यंत सुमारे दोनशे चाळीस वर्षांचे अंतर आहे. एवढ्या काळात राजवटी बदलल्या, संविधान आले, आरक्षण आले. पण पद आणि अधिकार ही दोन्ही एकाच स्त्रीच्या हाती सुखाने नांदू द्यावीत, एवढे आपल्या समाजाच्या मनास अद्याप पटलेले दिसत नाही.

स्त्रियांच्या ठायी कर्तृत्व नाही म्हणून असे झाले, हे कोणासही म्हणता येणार नाही. डॉ. राधाबाई ह्यांचे नाव येथल्या शासकीय कन्या महाविद्यालयास दिलेले आहे, ते आपण रोज वाचतो. नागपुरात जन्मलेल्या, बालपणीच विवाह होऊन वैधव्य आलेल्या ह्या बाई १९१८ मध्ये रायपूरच्या नगरपालिकेत सुईण म्हणून आल्या. जातपात न पाहता त्यांनी घरोघरी बाळंतपणे केली. लोकांनीच त्यांना ‘डॉक्टर’ केले. पुढे सत्याग्रहांच्या चळवळीत त्यांनी येथल्या स्त्रियांना घराबाहेर काढले आणि स्वतः कारावास सोसला. सेवेचा आणि तुरुंगाचा मार्ग स्त्रीस कोणी अडविला नाही. मार्ग अडतो तो पदाच्या पायरीपाशी.

ही पायरी चढलेल्या स्त्रियाही आपल्यांत आहेत. रायपूर ज्या मध्यप्रांतात होते, त्याच्या विधानसभेच्या उपाध्यक्षपदी १९३७ मध्ये नागपूरच्या अनसूयाबाई काळे आल्या आणि १९५२ मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या. १९७७ मध्ये आपल्याच रायपूर शहरातून जनता पक्षाच्या वतीने रजनीताई उपासने मध्य प्रदेशच्या विधानसभेत गेल्या. शहराच्या पहिल्या महिला आमदार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. चिपळुणात जन्मलेल्या आणि लग्नानंतर इंदूरवासी झालेल्या सुमित्रा महाजन १९८९ पासून लागोपाठ आठ वेळा लोकसभेवर निवडून आल्या आणि २०१४ ते २०१९ ह्या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. त्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १९८२ मध्ये त्या इंदूरच्या नगर निगमात नगरसेविका झाल्या आणि पुढे उपमहापौर झाल्या. १९८५ ची विधानसभा निवडणूक त्या हरल्या. त्यानंतर चारच वर्षांनी त्यांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी ह्यांचा पराभव केला. लहान सभागृहात बसण्याची आणि एकदा हरण्याची मुभा त्यांना मिळाली होती. आमच्या मते नेतृत्व ह्याच मार्गाने घडते.

बहुतेक स्त्रियांस मिळत नाही ती हीच मुभा. पुरुष हरला तर पक्ष म्हणतो, पुढच्या खेपेस पाहू. स्त्री हरली तर म्हणतात, बायकांचे हे कामच नव्हे. निवडणुकीस पैसा लागतो आणि घरची मालमत्ता बहुधा तिच्या नावे नसते. तिकिटाचा निर्णय रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठकांत होतो, तेथे ती नसते. आणि असलीच तर तिच्या उशिरा घरी परतण्याचीच चर्चा अधिक होते. घराण्यातून आली तर तो वारसा ठरतो, घराण्याविना आली तर तिच्या चारित्र्याकडे बोट दाखविले जाते. मिनीमाता पतीच्या निधनानंतर १९५५ च्या पोटनिवडणुकीत लोकसभेवर गेल्या. गोव्यात शशिकला काकोडकर वडिलांच्या मृत्यूनंतर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या. दोघींनीही पुढे वर्षानुवर्षे आपले स्थान राखले. मिनीमाता १९७२ मध्ये विमान अपघातात मृत्यू पावल्या, तोवर खासदार होत्या. काकोडकर १९७९ पर्यंत राज्यकारभार पाहत होत्या. वारसा पुरुषासही मिळतो, पण त्याचा हिशेब त्याला कोणी विचारीत नाही.

कायद्याने काही दारे उघडली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांस मिळाल्या. छत्तीसगडने २००८ मध्ये आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेले. २०२३ मध्ये लोकसभा व विधानसभांसाठी एकतृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती संमत झाली. मात्र तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना ह्यांना बांधली गेली. २०२४ च्या लोकसभेत ५४३ जागांवर ७४ स्त्रिया निवडून आल्या. आपल्या रायपूरच्या महापौरपदी किरणमयी नायक आणि २०२५ मध्ये मीनल चौबे निवडून आल्या, त्या दोन्ही वेळी ते पद स्त्रियांसाठी राखीव होते.

आणखी एक आकडा सांगावासा वाटतो, कारण तो आपल्या अभिमानास जरा टोचणारा आहे. २०२३ मध्ये छत्तीसगडच्या ९० आमदारांत १९ स्त्रिया निवडून आल्या. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या २८८ आमदारांत स्त्रियांचे प्रमाण शंभरात दहादेखील भरले नाही. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ह्यांची नावे आपण प्रत्येक समारंभात घेतो. ज्या भूमीने आपणांस आश्रय दिला, तिच्याकडून ह्या बाबतीत शिकण्यासारखे काही आहे, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आता अखेरचे, आणि थोडे अवघड. परसवाऱ्याच्या त्या पतींस नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या सभागृहातील फलक वाचावा. पन्नास वर्षांच्या अध्यक्षांत स्त्रियांची नावे किती, हे मोजावयास एका हाताची बोटेदेखील जास्त होतील. महाप्रसादाचा शिधा आम्ही मोजला, वर्गणीसाठी दारोदार आम्ही फिरलो, नाटकांच्या तालमींना आमच्या घरच्या बैठका रिकाम्या करून दिल्या. ह्याचे आम्हांस दुःख नाही. ते काम आम्ही आवडीने केले. परंतु जमाखर्चाची वही आमच्या हाती आली नाही, आणि कार्यकारिणीची सभा नेहमी रात्री नऊलाच राहिली. ती वेळ कोणी दुष्टबुद्धीने ठरविली नव्हती. ती कोणास अडचणीची आहे, हे कोणी विचारलेच नाही, इतकेच. आणि आम्हीही कधी सांगितले नाही, हा दोष आमचा.

म्हणून ह्या वर्षी आमची मागणी लहान आहे. सभा सायंकाळी साडेपाचला घ्यावी. कार्यकारिणीत निम्म्या जागा स्त्रियांच्या असाव्यात, आणि त्यांत कोषाध्यक्षपद असावे. ज्या भगिनी निवडून येतील त्यांनी आपल्या जागी पतीस पाठवू नये; आणि पतींनीही, बोलावणे आले तरी, जाऊ नये. आमच्यापैकी कोणाची चूक झाली तर ती पुरुषाच्या चुकीइतकीच मोठी मानावी, अधिक नको. आमच्या मुली उद्या नगर निगमात जातील की विधानसभेत, हे आज सांगता येत नाही. परंतु हिशेब मांडण्याची, विरोध ऐकून घेण्याची आणि हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय त्यांना ह्याच सभागृहात लागू शकते.