यंत्र गटाचं, सुई ज्याची त्याची

बऱ्याच गटांनी साखर तपासायचं यंत्र, ग्लुकोमीटर, घेतलंय. यंत्र दरवेळी जंतुनाशकाने पुसून सगळ्यांना चालेल. पण टोचायचं पेन प्रत्येकीचं वेगळं आणि सुई दरवेळी नवी. ‘ब’ प्रकारची कावीळ रक्तातून पसरते, इथे काटकसर नको.

आधी साबणाने हात धुवा, कोरडे करा. गूळ फोडलेल्या हाताने तपासलं तर आकडा उगाच फुगतो. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट लावा.

आकडा तारखेसह वहीत लिहा, हप्ता लिहितो तसाच. वाढला म्हणून आपल्या मनाने गोळी वाढवायची नाही. वही डॉक्टरांना दाखवा. मात्र ७० च्या खाली आला, घाम फुटला, हात थरथरले, तर वाट बघू नका. चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध बाईच्या तोंडात मात्र काही घालू नका, १०८ ला फोन लावा.