प्रेमाचे दार
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा सारांश)



प्रेम हा शब्द आपल्या मुलांना सिनेमाने शिकवला आणि वडीलधाऱ्यांनी तो घरात उच्चारायचा नाही असे ठरवले. प्रेमाची जबाबदारी काय, हे सांगायचे मात्र राहून गेले. म्हणून आज मी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे उदाहरण घेतो.

२९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतिरावांना पत्र लिहिले. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा गणेश हा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही अस्पृश्य मुलगी यांचे प्रेम जमले. मुलगी गरोदर राहिली. हे कळताच गावकऱ्यांनी दोघांना मारीत, गावातून फिरवीत नेले. त्यांचा जीव घेण्याचा बेत होता. सावित्रीबाई धावून गेल्या, इंग्रज सरकारचा धाक दाखवला आणि दोघांना वाचवून जोतिरावांकडे पाठवले.

त्या दोघांच्या जिवावर प्रेम उठले नव्हते, जात उठली होती. दीडशे वर्षे उलटली तरी अशा बातम्या थांबलेल्या नाहीत. १९५४ चा विशेष विवाह कायदा आज आहे. पण कायद्याच्या दारापर्यंत जायला पाठीशी चार माणसे लागतात. ती माणसे आपल्या संस्थेतून उभी राहिली पाहिजेत.

सावित्रीबाईंना पोटचे मूल नव्हते. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केले. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा याच यशवंताच्या दवाखान्यात त्या रुग्ण आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हिशेब मांडला तर हा तोटाच. पण परक्याचे मूल आपले झाले आणि त्या मुलाच्या हातून कितीतरी परके आपले झाले, ही कमाई कोणत्या वहीत लिहाल?

विद्यार्थी मित्रांनो, दार जरूर उघडा, पण डोळे मिटून नको. जे प्रेम शिक्षण सोडायला लावते, हात उगारते, जात विचारते, त्याला नकार द्या. आणि समोरून नकार आला तर तोही मानाने स्वीकारा. आईवडिलांनो, मुलगी काही सांगू लागली तर आधी ऐकून घ्या. घरात दार बंद झाले की ती एकटी पडते, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो.