तापलेला सायलेन्सर, पट्टी की लेप?
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर दुपारी बोलणे होणारच आहे. त्याआधी घरी येईपर्यंत कापूस शाबूत कसा राहील, याचा विचार करू. वेचणी सुरू झाली की ट्रॉल्या भरतात. ज्वारीची मळणी लागली की ट्रॅक्टर खळ्यावर तासन् तास उभा राहतो. एका बाजूला वाळलेला कडबा आणि कुटार, दुसऱ्या बाजूला तापून लाल होऊ पाहणारे लोखंड. मध्ये अंतर असते दोन-चार हातांचे.

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गॅरेजांत दोन नवे शब्द आले आहेत. एक 'हीट रॅप', म्हणजे सायलेन्सरच्या नळीवर गुंडाळायची पट्टी. दुसरा 'सिरॅमिक कोटिंग', म्हणजे नळीवर चढवायचा चिनीमातीच्या जातीचा लेप. मोटारशर्यतीच्या गाड्यांवरून ही दोन्ही आपल्याकडे उतरली. ट्रॅक्टर घेतलेली आपली पोरे विचारतात, यातले काय करावे? प्रश्न बरोबर आहे. उत्तर मात्र दुकानदाराकडून घेऊ नये. आपण स्वतः हिशेब करू.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. डिझेल इंजिन रिकाम्या चालीवर असते तेव्हा बाहेर पडणारा धूर शे-दीडशे अंशांच्या आसपास असतो. तेच इंजिन पूर्ण ओढीला लागले की मॅनिफोल्डमधला धूर ५०० ते ६०० अंशांपर्यंत जातो. नळीचे बाहेरचे लोखंड त्याहून थंड असते, पण हात भाजायला आणि कुटार पेटवायला तेवढे पुरते. कापूस साधारण ४०० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो. मात्र बारीक कुटार, धूळ आणि तेल यांचा थर तापल्या लोखंडावर बराच वेळ बसून राहिला, तर तो त्याहून कितीतरी कमी उष्णतेला धुमसू लागतो. आग लागते ती बहुधा अशी, ज्वाळेने नव्हे तर धुमसण्याने.

आता शर्यतीवाले पट्टी का गुंडाळतात? त्यांच्या गाडीला 'हेडर' असतो. प्रत्येक सिलिंडरमधून निघालेल्या नळ्या एकत्र आणणारा तो नळ्यांचा पंजा. आतला धूर गरम राहिला तर तो वेगाने बाहेर पळतो आणि बॉनेटखालची हवा थंड राहते. त्यांना थोडी जास्त ताकद हवी असते. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर हेडर नसतो, बिडाचा जाड मॅनिफोल्ड असतो आणि त्याला पुढे सायलेन्सर जोडलेला असतो. आपल्याला शर्यत जिंकायची नाही. आपल्याला गंजी वाचवायची आहे, डिझेलची नळी वाचवायची आहे आणि शेजारी उभ्या पोराचा हात वाचवायचा आहे. त्यामुळे त्यांचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

पट्टीचे गुण आधी सांगतो. ती काचतंतूची किंवा बसाल्ट दगडाच्या तंतूची विणलेली असते. लेपापेक्षा स्वस्त. नळी न काढताही बऱ्याच ठिकाणी गुंडाळता येते. उष्णता आत कोंडण्याचे काम ती पातळ लेपापेक्षा चांगले करते. दोन इंच जाडीच्या तीन फूट नळीला दोन इंच रुंदीची पट्टी पाव इंच एकावर एक घेत गुंडाळली तर अकरा फूट लागते. बारा फूट घ्यावी. दुकानदार पन्नास फुटांचे बिंडे गळ्यात मारत असेल तर चौघांनी मिळून घ्यावे.

आता दोष. पट्टी पाणी धरते. आपला ट्रॅक्टर पावसाळाभर उघड्यावर उभा असतो. ओल्या पट्टीखाली साधी लोखंडी नळी गंजते, आणि वरून काही दिसत नाही. दुसरे, उष्णता बाहेर जात नाही म्हणजे लोखंड स्वतः जास्त तापते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि सांधे तडकतात. म्हणूनच पट्टी गुंडाळली तर हमी देणार नाही, असे हेडर बनवणाऱ्या कित्येक कंपन्या सांगतात. तिसरा दोष आपल्यासाठी सगळ्यात मोठा आहे. इंजिनाला तेलाची गळती असेल तर पट्टी ते तेल पिते. मग ती पट्टी राहत नाही, दिव्याची वात होते. आग टाळायला आणलेली वस्तूच आग लावते. ज्या इंजिनाला तेलाचा पाझर आहे त्याला पट्टी लावू नये, हे लक्षात ठेवा.

काचतंतू अंगात टोचतात, म्हणून गुंडाळताना हातमोजे घालावेत, नाकातोंडावर फडके बांधावे. जुन्या गॅरेजात कोणी ॲस्बेस्टॉसची दोरी काढून दिली तर घेऊ नये. त्या तंतूने फुप्फुसाचा कर्करोग होतो.

लेपाचे तसे नाही. तो नळीला चिकटून बसतो, पाणी धरत नाही, तेल पीत नाही आणि गंज रोखतो. नीट चढवलेला लेप वर्षानुवर्षे टिकतो. पण चढवायला मेहनत आहे. नळी काढायची, वाळूच्या माऱ्याने गंज आणि तेल पार घालवायचे, लेप फवारायचा आणि मग भट्टीत भाजायचा. ज्याच्याकडे भट्टी नाही त्याच्याकडे हे काम देऊ नये. डब्यातला चंदेरी 'उष्णतारोधक' रंग ब्रशने मारून कोणी कोटिंगचे पैसे मागत असेल तर सरळ उठून यावे. आणखी एक घोळ आहे. शहरात मोटारींच्या रंगाला चकाकी यावी म्हणून जे 'सिरॅमिक कोटिंग' करतात ते वेगळे. नाव एक, काम वेगळे. सायलेन्सरला त्याचा काही उपयोग नाही.

लेपालाही मर्यादा आहेत. तो इतका पातळ असतो की नळी थोडी कमी उष्णता फेकते, पण थंड होत नाही. चकचकीत दिसते म्हणून पोराने हात लावला तर भाजणारच. आणि नळीला तडा गेला, वेल्डिंग केले, की तिथला लेप गेला.

आता मुख्य मुद्दा. पट्टी असो वा लेप, दोन्ही उष्णता आत कोंडतात. ती नाहीशी करत नाहीत. ती पुढे सरकते आणि नळीच्या तोंडातून बाहेर पडते. आणि ठिणगी? ठिणगी दोन्ही थांबवत नाहीत. बराच वेळ रिकाम्या चालीवर राहिलेले इंजिन एकदम ओढीला लावले की आत साठलेली काजळी सुटते आणि जळते कण बाहेर उडतात. असा एक कण कापसात शिरला तर तासन् तास आत धुमसतो. वरून पाणी मारले तरी आत पोचत नाही. शेतात पडलेली ठिणगी जिनिंगच्या आवारात पेटते. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

म्हणून आमचे म्हणणे असे, की पैसा खर्च करायचा तर या क्रमाने करावा.

पहिले, झाडलोट. मळणीच्या दिवसांत दर दोन-तीन तासांनी इंजिन बंद करून, थोडे थंड होऊ देऊन, मॅनिफोल्डभोवतीचे कुटार साफ करावे. याला पैसा लागत नाही.

दुसरे, गळती. मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले असेल तर तिथून ज्वाळेसारखा धूर बाहेर येतो. ते आधी बदलावे. तेलाचा आणि डिझेलचा पाझर बंद करावा.

तिसरे, स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणगी अडवणारे साधन. ते बसवावे आणि त्यातली काजळी वरचेवर काढावी.

चौथे, पत्र्याचा आडोसा. नळीपासून इंचभर हवा सोडून पत्रा बसवला तर त्या हवेतून उष्णता निघून जाते, पत्रा नळीइतका तापत नाही, लोखंड गंजत नाही आणि हात लागायची भीती जाते. गावातला वेल्डर हे करू शकतो. आपल्या कामाला बहुतेक ठिकाणी हाच उपाय पुरतो.

एवढे झाल्यावरही डिझेलची किंवा हायड्रॉलिकची नळी सायलेन्सरला खेटून जात असेल आणि पत्र्याला जागा नसेल, तर पाझर नसलेल्या कोरड्या इंजिनावर तेवढ्याच तुकड्याला पट्टी लावावी. पावसाळ्याआधी काढून नळी तपासावी. आणि सायलेन्सर नवाच घ्यायचा असेल, भट्टीवाला कारागीर जवळ असेल, तर लेप. दोन्हींचा हिशेब वर्षांवर मांडा. समजा पट्टी एक हजाराला पडली आणि दोन हंगाम टिकली, लेप चार हजाराला पडला आणि आठ हंगाम टिकला, तर खर्च सारखाच. मग ज्यात गंज नाही आणि आगीची वात नाही ते घ्यावे. आकडे आमचे समजुतीपुरते आहेत, तुमच्या बाजारातले घालून पाहा.

एक इशारा. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे 'ट्रेम-४' नियम लागू झाले. अशा यंत्रांच्या धुराच्या वाटेवर काजळी गाळणारी चाळणी असू शकते, सेन्सर असतात. त्यांना कंपनीला विचारल्याशिवाय पट्टीही नको आणि लेपही नको. उत्तर लेखी घ्यावे, नाहीतर हमी जाईल. आणि साठलेली काजळी जाळायला अशी चाळणी स्वतःच तापते, त्या वेळी तो ट्रॅक्टर कडब्याजवळ उभा करू नये.

शेवटचे सांगतो. ट्रॅक्टर एकाचा असतो, ट्रॉलीतला माल दुसऱ्याचा. आग लागली तर ट्रॅक्टरवाल्याच्या विम्यात आपला कापूस आपोआप धरलेला नसतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे एकच पीक. ते जळाले तर कर्ज मात्र जळत नाही. तेव्हा भाडे ठरवतानाच चार गोष्टी विचारा. गळती आहे का? ठिणगी अडवायची सोय आहे का? आडोसा आहे का? सायलेन्सरचे तोंड ट्रॉलीकडे तर नाही ना? एकट्याने विचारले तर ट्रॅक्टरवाला हसेल. सगळ्या गावाने विचारले तर आडोसा बसवेल. तोही आपलाच भाऊ आहे. त्याचाही ट्रॅक्टर वाचणार आहे.

प्रत्येक गावाच्या शाखेने वेचणीआधी एक दिवस ठरवावा आणि गावातले सगळे ट्रॅक्टर एका ठिकाणी आणून ही तपासणी करावी. बैल गेला आणि झोपा केला, असे यंदा होऊ देऊ नये.