भाषेला काम हवं



संक्रांत तोंडावर आली की हैदराबादची कुकटपल्ली रिकामी व्हायला लागते. केपीएचबी कॉलनीच्या आणि मियापूरच्या बसथांब्यांवर बॅगा, पिशव्या आणि पेंगुळलेली मुलं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं उभी असतात. जादा गाड्या सुटतात. विजयवाड्याच्या रस्त्यावर पंतंगीच्या टोलनाक्याशी मोटारींच्या रांगा लागतात. कुणी कृष्णा जिल्ह्याचा, कुणी गुंटूरचा, कुणी गोदावरीकाठचा. वीस-तीस वर्षं इथं राहून, घर बांधून, मुलांची लग्नं इथंच करूनही सणाला माणूस गावीच जातो. हैदराबादेत नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'मीदि ए ऊरु?' तुमचं गाव कुठलं? कुकटपल्लीत राहणाऱ्यांपैकी फार थोडे त्याचं उत्तर 'कुकटपल्ली' असं देतात.

मीही याच वस्तीत राहते. आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळानं सत्तरच्या दशकाअखेरीस आणि पुढं ऐंशीच्या दशकात इथं घरं बांधली. एलआयजी, एमआयजी, एचआयजी ही त्या घरांची नावं आजही पत्त्यांत टिकून आहेत. १९९८ साली जवळच सायबर टॉवर्स उभे राहिले, २००७ साली कुकटपल्ली हैदराबाद महापालिकेत आली, २०१७ साली मेट्रो धावू लागली. नांदेड, लातूर, सोलापूरकडची मराठी मुलंही नोकरीसाठी इथं येतात आणि इथलीच होऊन जातात. आपल्या सोसायटीत एका मजल्यावर चार दारं असतील, तर त्यांमागं तीन भाषा असतात.

अशा ठिकाणी राहताना एक प्रश्न मनात घर करून बसतो. गाव सुटतं, त्याला इलाज नाही. पण गावाबरोबर आलेली भाषा आणि हातातलं काम यांचं काय होतं? आज मी तुमच्याशी याविषयी बोलणार आहे, आणि त्यासाठी मला फार लांब जावं लागणार नाही. आपल्या दारावरून जाणारा हायवे पुरेसा आहे.

या रस्त्याला आपण मुंबई हायवे म्हणतो. सरकारी नाव राष्ट्रीय महामार्ग पासष्ट. पश्चिमेला तो जहीराबाद, उमरग्यावरून सोलापूर गाठतो आणि पुढं पुण्याला जातो. पूर्वेला शहर ओलांडून तो विजयवाड्याकडे निघतो आणि वाटेत चौटुप्पलजवळ त्याला पोचमपल्लीचा फाटा लागतो. सोलापूरची चादर आणि पोचमपल्लीची साडी, दोन्ही देशभर नावाजलेल्या, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं. आणि दोन्ही कापडांमागं मोठ्या प्रमाणावर एकच समाज आहे, तेलुगू बोलणारा विणकर पद्मशाली समाज.

आधी पोचमपल्लीकडे जाऊ. मराठी माणसाला हे नाव ठाऊक आहे ते विनोबांमुळे. १८ एप्रिल १९५१ रोजी तिथल्या भूमिहीनांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली, गावचे जमीनदार वेदिरे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली, आणि भूदान चळवळ सुरू झाली. तेलंगणातल्या खेड्यांतून पायी फिरणाऱ्या या मराठी माणसानं त्याआधी वेल्लोरच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या चारही भाषा शिकून घेतल्या होत्या, हेही आपण ध्यानात ठेवलं पाहिजे. ज्यांच्याकडे जायचं त्यांच्या भाषेत चार शब्द तरी आपल्याजवळ असावेत, ही विनोबांची रीत होती.

पोचमपल्लीच्या कापडात नक्षी मागावर उमटवायची नसते. ती आधी सुतावरच बांधून, रंगवून घेतात आणि मग विणतात. सूत बांधण्याआधी ते अर्धवर्तुळात ठोकलेल्या खुंट्यांभोवती एकेक फेरा देत ताणून घ्यावं लागतं. या कामाला तेलुगूत 'आसु' म्हणतात. एका साडीसाठी हात सुमारे नऊ हजार वेळा पुढं-मागं न्यावा लागतो. हे काम घरातल्या बायका करत आल्या. खांदा दुखून हात उचलेनासा झाला तरी करत आल्या, कारण आसु झाली नाही तर माग थांबतो आणि माग थांबला तर चूल थांबते.

आलेरजवळच्या शारजीपेट गावातल्या चिंतकिंदी मल्लेशम या मुलानं आपल्या आईचं, लक्ष्मीचं हे दुखणं लहानपणापासून पाहिलं. सहावीत शाळा सुटली. आईचा हात वाचवील असं यंत्र करायचं त्यानं मनात घेतलं आणि १९९२ च्या सुमाराला कामाला लागला. पैसे संपले, लोकांनी वेड्यात काढलं. मग तो हैदराबादला आला, विजेच्या कामावर मदतनीस म्हणून राहिला, आणि उरलेल्या वेळात यंत्राचा एकेक भाग करत राहिला. शेवटचा एक भाग मात्र जमेना. १९९९ साली बालानगरमधल्या एका कारखान्यात काम करताना तिथल्या एका यंत्राची हालचाल त्याच्या नजरेत भरली, आणि अडलेली गाठ सुटली. यंत्र तयार झालं. त्यानं त्याला आईचं नाव दिलं, लक्ष्मी आसु यंत्र. चार-पाच तासांचं काम दीड-दोन तासांवर आलं आणि तेही खांद्याला त्रास न होता. २०१७ साली भारत सरकारनं मल्लेशम यांना पद्मश्री दिली. २०१९ साली त्यांच्या आयुष्यावर तेलुगू चित्रपटही आला.

बालानगर म्हणजे आपल्या कुकटपल्लीला लागून असलेली औद्योगिक वसाहत. मेट्रोनं एक थांबा. लेथवर काम करणारे लहान लहान कारखाने तिथं ओळीनं आहेत, यंत्रांचे साचे शिकवणारी केंद्र सरकारची मोठी संस्था आहे. या परिसरात शिकलेले इंजिनिअर शेकड्यांनी होते, पण आसुचं यंत्र करायला शारजीपेटचा मुलगाच लागला. त्याचं कारण मला स्पष्ट दिसतं. दोरा कुठं ताणला जातो, कुठं सैल पडतो, हात कुठं थकतो, हे त्याला घरात बसल्या बसल्या, आईच्या बोलण्यातून कळलं होतं. ते ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते त्या गावात, त्या घरात आणि त्या बोलीत होतं. शहरानं त्याला साधनं दिली, प्रश्न मात्र तो गावाहून घेऊन आला होता.

आता रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, सोलापूरला जाऊ. सोलापूर इंग्रजी अमलात होतं, रेल्वे लवकर आली होती, आणि १८७७ साली तिथं पहिली कापड गिरणी निघाली. लोक तिला पुढं जुनी मिल म्हणू लागले. निजामी तेलंगणात दुष्काळ होते, देशमुखांची वेठ होती, आणि गिरणीच्या कापडापुढं हातमागाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगरकडची पद्मशाली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या सोलापूरला येत राहिली. पूर्व भागात, साखर पेठेत, दाजी पेठेत त्यांचे माग लागले.

आज त्यांची चौथी-पाचवी पिढी आहे. शाळा मराठी, बाजार मराठी, राजकारण मराठी, आणि घरात तेलुगू. शंभराहून अधिक वर्षं, स्वतःचं राज्य नाही, सरकारी कचेरीत आपली भाषा नाही, तरी ती टिकली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, घटस्थापनेच्या सुमाराला फुलांची बतुकम्मा मांडली जाते. पण केवळ सणांनी भाषा टिकत नाही. ती टिकली ती मागापाशी. घर आणि कारखाना एकाच छपराखाली असायचा. पुरुष मागावर, बायका कांड्या भरायला, मुलं तुटलेला धागा जोडायला. ताणा कसा लावायचा, रंग कसा चढवायचा, मजुरी किती ठरली, उधारी कुणाची राहिली, हे सगळं दिवसभर तेलुगूत चालायचं. म्हणजे भाषेला रोज सकाळी कामावर हजर राहावं लागत होतं.

आणि त्याच लोकांनी मराठीलाही आपलं म्हटलं. कवी लक्ष्मीनारायण बोल्ली सोलापूरच्या पद्मशाली घरात जन्मले, तेलुगू त्यांची मातृभाषा. त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं, दोन्ही भाषांमध्ये पूल बांधला, आणि आत्मचरित्राला नाव दिलं 'एका साळियाने'. आपली ओळख सांगताना त्यांनी हुनर पुढं ठेवला, तोही मराठीतून. एक भाषा घट्ट असली की दुसरी शिकायला अडचण होत नाही, याला यापेक्षा चांगला दाखला मला सापडत नाही.

सोलापूरची नक्षीदार चादर जॅकार्ड मागावर होते. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून कुठला धागा उचलायचा ते मागाला सांगण्याची ही युक्ती १८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जाकार यांनी पक्की केली. भोकांच्या पट्ट्यांची तीच कल्पना पुढं आकडेमोडीच्या यंत्रांत आणि सुरुवातीच्या संगणकांत वापरली गेली. आज सोलापूरच्या विणकरांची नातवंडं-पतवंडं आयटीच्या नोकरीसाठी हैदराबादला येतात. पणजोबांनी सोडलेल्या मुलखात ती परत येतात. त्यांची तेलुगू इथल्या लोकांना थोडी जुन्या वळणाची, थोडी मराठी हेलाची वाटते. पण भाजीवाल्याशी, घरमालकाशी, रिक्षावाल्याशी पहिल्या दिवसापासून बोलता येतं. घरात सांभाळलेली भाषा त्यांना इथं उपयोगी पडते.

मात्र सोलापुरातलं चित्र आता बदलतं आहे, हेही सांगायला हवं. हातमाग यंत्रमागापुढं मागं पडला, यंत्रमागाला पानिपतच्या स्वस्त मालानं गाठलं, कितीतरी घरांतल्या बायका विड्या वळण्याकडे गेल्या. माग घरातून गेला की कामाच्या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत. भाषेची पहिली पडझड तिथून सुरू होते.

आणि आपण हैदराबादचे मराठी? आपला पिढीजात हुनर बव्हंशी लेखणीचा होता. महसुलाचं दफ्तर, वकिली, शिक्षकी. मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे या राजधानीत मराठीला काम होतं. दरबारचा सगळा व्यवहार उर्दूत, पुढं १९१८ साली उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमातूनच सुरू झालं; अशा राज्यात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी त्याआधीच विवेकवर्धिनीसारखी शिक्षणसंस्था उभी केली होती. त्याच निजामी अमदानीत मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यं भाषावार झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि हैदराबादेतल्या मराठीचं कचेरीतलं काम एका दिवसात संपलं. त्यानंतरही इथं मराठी राहिली ती या संस्थांच्या, वाचकांच्या आणि शिक्षकांच्या बळावर. त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

आता कुकटपल्लीतल्या घरात काय दिसतं? आईबाप मराठीत बोलतात, मूल इंग्रजीत किंवा हिंदीत उत्तर देतं. मराठीत त्याला जेवायला बोलावलं जातं आणि रागावलं जातं. विचार करण्याचं, शिकण्याचं, अडलेलं सोडवण्याचं सगळं काम दुसऱ्या भाषांकडे गेलं आहे. बिनकामाची भाषा मूल किती दिवस सांभाळेल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. शारजीपेटच्या घरात आणि सोलापूरच्या साखर पेठेत भाषेला काम होतं. आपण आपल्या घरात तिला काम ठेवलेलं नाही, एवढाच फरक आहे.

म्हणून माझं तुम्हाला सांगणं साधं आहे. आपल्याकडे माग नसेल, पण प्रत्येक घरात काही ना काही हुनर असतो. कुणाला शिवण येतं, कुणाला गोधडी, कुणाला तबला, कुणाला पुरणपोळी, कुणाला विजेची जोडणी, कुणाला घराचा जमाखर्च मांडणं. त्यातलं एक काम मुलाला मराठीतून शिकवा, अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत. शेजारच्या घरातून तेलुगू शिकू द्या. ज्या मातीवर घर बांधलं तिची भाषा मुलाला यायलाच हवी, आणि त्यानं मराठीचं काही कमी होत नाही. एखाद्या रविवारी त्याला पोचमपल्लीला घेऊन जा. कापड घेण्याआधी विणणाऱ्या माणसाला नाव विचारा, गाव विचारा, आसु कुठं चालते ते पाहून या. सोलापूरला गेलात तर चादर घेताना ती कुठल्या मागावरची आहे याची खात्री करा, कारण त्या मागावर एका घराची भाषाही उभी असते. आणि शहरातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद नसाल, तर या महिन्यात व्हा.

मुलाला मराठीतून एक काम शिकवा आणि ते त्याला नीट येईपर्यंत त्याच्याजवळ बसा. कुकटपल्लीतल्या मराठी आईबापांनी एवढं केलं, तरी पुढच्या पिढीत इथं मराठी बोलली जाईल.