देवळापुढील हिरवळ : जुनी काढून नवी कशी व केव्हा लावावी
(जीर्णोद्धार समितीच्या फाल्गुनातील सभेत केलेले भाषण)



मी काही विद्वान माणूस नाही. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत आणि नोकरी तहसील कचेरीत कारकुनाची. शिखराविषयी, कळसाविषयी, मूर्तीच्या वज्रलेपाविषयी माझ्याहून जाणती मंडळी बोलली आहेत. माझ्याकडे समितीने पटांगणातील हिरवळीची फाईल दिली, म्हणून मी जमिनीवरच्याच गोष्टी बोलणार आहे. ज्यांना हा विषय किरकोळ वाटत असेल त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की यात एका दात्याने वडिलांच्या स्मरणार्थ जाहीर केलेली रक्कम आहे, गावाचे उन्हाळ्यातले पाणी आहे आणि नव्या देवळाचा पायासुद्धा आहे.

प्रस्ताव असा आहे की पटांगणातील जुने गवत काढून ३,००० चौरस फुटांवर लॉनचे तयार रोल अंथरावेत, आणि हे काम अक्षय तृतीयेच्या कळसारोहणाआधी उरकावे. शेगावचे आनंदसागर पाहून आलेल्या आपल्या तरुण मंडळींची ही हौस आहे. हौस चांगली आहे, तिला मी नावे ठेवीत नाही. पण वैशाखात हे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे मी आपल्यापुढे ठेवितो.

आधी गवताची ओळख करून घेऊ. मोठमोठ्या क्रिकेटच्या मैदानांवर जे गवत दिसते, ज्याला नर्सरीवाले बर्म्युडा म्हणतात, ते दुसरे तिसरे काही नसून आपली हरळी आहे, म्हणजेच दूर्वा. शेतात जिला आपण शिव्या घालतो आणि गणपतीला जिच्या एकवीस जुड्या वाहतो तीच ही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन या गावच्या प्रयोगकेंद्रात ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळी आणि आफ्रिकेतील तिची एक जातबहीण यांच्या संकराचे बारीक पात्याचे वाण तयार केले. त्यातले टिफवे नावाचे वाण १९६० साली बाहेर आले आणि उष्ण मुलखातील मैदानांवर जगभर गेले. या वाणाला बी धरत नाही. ते मुळ्या-कांड्यांनीच वाढवावे लागते, म्हणून त्याचे रोल विकले जातात. दुसरे गवत म्हणजे नर्सरीत ज्याला मेक्सिकन म्हणतात ते. नावात मेक्सिको असले तरी ते मूळचे पूर्व आशियातले आहे. दिसायला मखमलीसारखे, थोडी सावली सोसते, पण वाढते फार सावकाश. एकदा तुडवले गेले की सावरायला महिने घेते. आमच्या शेजारच्या आजींनी हे नाव ऐकले आणि मला विचारले, "काहून रे बापू, देवाले हे मेक्सिकन गवत चालते काय?" आजींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या हिरवळीतून सकाळी पूजेसाठी चार दूर्वा खुडता येत नाहीत ती देवळापुढे कशाला, असा त्यांचा सवाल आहे.

आता जुने गवत. आपल्या पटांगणात आज हिरवळ म्हणून जे दिसते त्यात हरळी थोडी, आणि नागरमोथा, कुंदा व गाजरगवत जास्त. यावर नवे रोल नुसते पसरले तर महिनाभरात मोथ्याची पाती रोलच्या सांध्यांतून वर येतील. मोथ्याच्या गाठी जमिनीत वीतभर खोल एकीला एक साखळीसारख्या जोडलेल्या असतात. वरून उपटले की दोरा तुटतो आणि गाठ खालीच राहते. त्याला उपाय म्हणजे उन्हाळ्यात वीतभर खोल खणून गाठी हाताने वेचायच्या, ढेकळे चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापू द्यायची, आणि एकदा पाणी देऊन जे पुन्हा उगवेल ते परत काढायचे. हे दोन-तीन वेळा करावे लागते. पारदर्शक प्लास्टिकचा कागद ओल्या जमिनीवर ताणून, कडा मातीने दाबून, चार ते सहा आठवडे ठेवला तर खालची जमीन तापून तणाचे बी बरेच मरते. मोथा मात्र तेवढ्याने पूर्ण जात नाही, त्याला कुदळच पाहिजे. कोणी म्हणेल तणनाशक मारा. ग्लायफोसेटचा वापर २०२२ साली केंद्र शासनाने परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. शिवाय जिथली दूर्वा देवाला जायची आणि जिथे लेकरे लोळायची तिथे फवारा नकोच.

म्हणजे उन्हाळा हा जुने गवत काढण्याचा हंगाम आहे. लावण्याचा हंगाम मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाल्यावर, आर्द्रा नक्षत्रापर्यंत. जी गोष्ट आपण सोयाबीन-तुरीला लावतो तीच गवताला लागू आहे. हरळी उष्णतेची मैत्रीण खरी. जमीन ऊबदार असेल तर ती झपाट्याने पसरते आणि थंडीत पिवळी पडून झोपते. २०२३ सालची गोष्ट क्रिकेटवेड्या मंडळींना आठवत असेल. धर्मशाळेच्या मैदानावर नव्याने गवत लावले होते. हिवाळ्याच्या थंडीत ते दाट झाले नाही, आणि ऑस्ट्रेलियाविरुद्धचा मार्चमधील कसोटी सामना इंदूरला हलवावा लागला. एवढ्या पैशाच्या मंडळाला जिथे हंगामापुढे मान तुकवावी लागली, तिथे आपली काय कथा! त्यांना थंडी आडवी आली, आपल्याला ऊन आणि पाणी आडवे येईल एवढाच फरक.

पाण्याचा हिशेब मी कागदावर मांडला आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ३,००० चौरस फूट म्हणजे सुमारे २८० चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळ जगवायची तर रोज पाच मिलिमीटर तरी पाणी पाहिजे, म्हणजे दिवसाला १,४०० लिटर आणि महिन्याला ४२,००० लिटर. ५,००० लिटरचे टँकर धरले तर महिन्याला आठ-नऊ टँकर. नव्या रोलची मुळे छाटलेली असतात, त्यांना पहिले पंधरा दिवस दिवसातून दोनदा भिजवावे लागते, ते वेगळेच. आपला वाशीम जिल्हा गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांच्या दुभाजकावर बसला आहे. पाऊस पडतो तसा दोन्हीकडे वाहून जातो. ज्या महिन्यात आपल्या मायबहिणी गुंडासाठी रांगेत उभ्या असतात त्या महिन्यात देवाच्या दारात गवतावर टँकर रिकामा होताना दिसला तर लोक काय म्हणतील, हे मी बोलून दाखविण्याची गरज नाही.

नोकरीत मी एक प्रकार पाहिला आहे. एका कचेरीच्या आवारात, नाव घेत नाही, उद्घाटनासाठी ऐन मे महिन्यात रोल अंथरले गेले. ट्रक रात्री आला, रोल थप्पी करून दुपारपर्यंत तसेच राहिले. थप्पीत गवत आतून तापते, चाऱ्याची ओली गंजी तापते तसे. अंथरले तेव्हाच मधल्या पट्ट्या पिवळ्या होत्या. कार्यक्रम झाला, फोटो निघाले. कंत्राटाच्या कागदात "पुरवठा व अंथरणे" एवढेच शब्द होते, पाणी कोणी द्यायचे हे कुठेच लिहिले नव्हते. वीस दिवसांत त्याचे तणस झाले आणि बिल मात्र पूर्ण निघाले. तेव्हापासून कुठलाही कागद वाचताना मी देखभालीचा रकाना आधी बघतो.

आता सर्वांत महत्त्वाचे, देवळाचा पाया. आपली जमीन काळी, कपाशीची. पाणी प्याली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत हात जातो हे सांगायला नको. पायाला लागून रोज पाणी सोडले आणि मधेच बंद केले, की एका बाजूची माती फुगणार आणि आकसणार. गावात कितीतरी भिंतींना तिरप्या चिरा गेल्या आहेत त्या याच कारणाने. लोकांच्या घामाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या भिंतीला शोभेच्या गवतापायी चीर जावी यासारखे दुर्दैव नाही. म्हणून माझी विनंती आहे की देवळाच्या चारी अंगांनी तीन-चार फुटांची फरसबंद पट्टी सोडावी. गवत त्यापलीकडे असावे. जमिनीला उतार देवळापासून बाहेर, शंभर फुटाला एक-दोन फूट, असा द्यावा. पावसाळ्यात पाणी साचले तर काळ्या मातीत गवताची मुळेही कुजतात, म्हणून वीतभर खणलेल्या मातीत चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी जाड रेती मिसळावी. माती तपासून घ्यायची असेल तर रिसोड तालुक्यात करड्याचे कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. विचारायला पैसे पडत नाहीत.

मग रोल आणायचेच नाहीत काय? आणायचे असतील तर पावसाळ्यात आणावेत. ज्या दिवशी कापले त्याच दिवशी अंथरावेत, विटांच्या थराप्रमाणे सांधे मोडून लावावेत, खालची जमीन आधी भिजवून घ्यावी आणि वरून रूळ फिरवावा. दोन-तीन आठवड्यांनी कोपरा हलकेच उचलून पाहावा, उचलला गेला नाही तर मूळ धरले असे समजावे. एक अडचण मात्र राहते. रोलखाली नर्सरीची माती असते, बहुधा तांबडी, आणि खाली आपली काळी. दोन मातींच्या सांध्यावर पाणी अडते आणि मुळे खाली उतरायला कुरकुरतात.

माझ्या मते आपल्याला याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. माळी लोक त्याला गवताचा लेप म्हणतात. बांधावरची स्वच्छ हरळी मुळ्यांसकट आणायची, तिचे दोन-दोन इंचांचे तुकडे करायचे, ताजे शेण, बागेची माती आणि पाणी यांत कालवून पातळ चिखल करायचा, आणि तयार जमिनीवर इंचभर जाडीचा थर सारवल्यासारखा पसरायचा. सारवण आपल्या मायबहिणींना कोणी शिकवायला नको! वर मातीचा हलका हात द्यायचा. पावसाच्या ओलीत दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात आणि दोन-तीन महिन्यांत जमीन झाकते. ज्यांना लेप नको त्यांनी चार-सहा इंचांवर एकेक मुळी टोचावी, वेळ जरा जास्त लागतो. वेचताना एकच दक्षता घ्यावी, मोथ्याची गाठ बरोबर येता कामा नये. आणि हरळी पसरणारी जात आहे, शेजारच्या वावरात घुसली तर भांडण आपल्या दारी येईल, म्हणून कडेने विटांची उभी ओळ जमिनीत वीतभर गाडून घ्यावी.

कोणी हिरव्या प्लास्टिकच्या गालिच्याचीही सूचना केली. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावरचे कृत्रिम गवत काढून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी खरे गवत लावले गेले, एवढे सांगितले तरी पुरे. आपल्याकडे तर भाविक अनवाणी येतात आणि भर उन्हात प्लास्टिकचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो.

क्षेत्राविषयी. ३,००० फुटांचा हट्ट सोडून सभामंडपापुढच्या उजेडाच्या बाजूला १,२०० चौरस फूट हिरवळ करावी. तिला उन्हाळ्यात रोज साधारण ५६० लिटर पाणी लागेल. पाय धुण्याच्या नळाचे पाणी एका टाकीत वळविले तर बराच भार उचलला जाईल. भांडी घासण्याचे साबण-सोड्याचे पाणी मात्र त्यात नको. एखाद्या वर्षी पाणी फारच तुटले तर हरळी वरून वाळते, पण तिच्या जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाला ती पुन्हा फुटते. मेक्सिकनचा असा भरवसा मी देऊ शकत नाही. पिंपळाखाली गवताच्या नादी लागू नये, हरळीला ऊन पाहिजे. तिथे मुरूम दाबून घ्यावा, पंगतीही तिथेच बसवाव्यात. गरम वरणाचे पातेले आणि मंडपाच्या खुंट्या या दोन गोष्टी गवताच्या वैरी आहेत.

दात्याच्या रकमेविषयी मी नम्रपणे सांगतो. देणगी हिरवळीसाठी जाहीर झाली आहे, ती परस्पर दुसऱ्या कामाला लावणे बरोबर नाही. देवस्थान सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे आणि १९५० च्या कायद्याखाली आपले हिशेब तपासले जातात. पण रोलऐवजी पाण्याची टाकी, नळीची जोडणी, रूळ, कापणीयंत्र आणि तीन वर्षे राखणाऱ्या माणसाचा पगार, हे सर्व हिरवळीचेच काम आहे. दात्यांची लेखी संमती घ्यावी, तसा ठराव इतिवृत्तात लिहावा, आणि त्यांच्या वडिलांच्या नावाची पाटी कळसारोहणालाच लावावी. तेव्हा जमीन खणलेली आणि उघडी असेल. पाहुण्यांना तशीच दाखवावी, त्यात कमीपणा नाही.

समितीने मान्य केले तर जुने गवत काढण्याला येत्या सोमवारपासून सुरुवात करू. प्रत्येक आळीने एकेक दिवस वाटून घ्यावा. पाऊस पडला की दर घराने स्वच्छ हरळीचा एक भारा आणावा. ती शोधायला फार लांब जावे लागणार नाही, माझ्याच वावरात वाटेल तेवढी आहे. लावल्यावर दीड महिना दोरी बांधून जागा बंद राहील, त्या काळात लेकरांना आणि गुरांना आवरण्याचे काम मात्र तुमचे.