शोधयंत्राच्या बाजारात आपले दुकान
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणिसांनी मला नव्या व्यापारपद्धतीवर बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय मोठा आणि माझा अधिकार अल्प; म्हणून घरातलाच एक अनुभव आपणांपुढे ठेवतो.

आपल्या या नगराने नावांची स्थित्यंतरे पुष्कळ पाहिली. मलिक अंबराने १६१० साली वसविलेली खडकी पुढे फतेहनगर झाली, नंतर औरंगाबाद झाली आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाली. त्या वर्षी माझ्या पुतण्याने पैठणीच्या दुकानाची पाटी बदलली आणि त्याच रात्री संकेतस्थळावरील जुने नाव समूळ पुसून टाकले. एवढ्यावर न थांबता प्रत्येक पानाचा पत्ताही त्याने नवा केला. काही आठवड्यांतच मागणी आटली. त्याला वाटले, मंदी आली. मंदी कसली! पुण्याची, नागपूरची, अमेरिकेत स्थायिक झालेली गिऱ्हाइके गूगलवर ‘औरंगाबाद पैठणी’ असेच लिहीत होती; आणि गूगलच्या सूचीत जे पत्ते वर्षानुवर्षे नोंदलेले होते, तेथे आता काहीच नव्हते. टपालखात्यास न कळविता बिऱ्हाड हलवावे, तसलाच हा प्रकार.

शोधयंत्र जगातील पाने वाचीत हिंडते, त्यांची सूची करते आणि विचारणाऱ्यापुढे ती क्रमाने मांडते. हा क्रम लावण्याचे नियम मात्र स्थिर नसतात. २०११ मध्ये पोकळ, उसन्या मजकुराची पाने मागे ढकलली गेली. २०१२ मध्ये विकतच्या दुव्यांच्या बळावर वर चढलेली कोसळली. २०१५ पासून मोबाईलवर नीट न वाचता येणारी पाने मोबाईलवरच्या शोधात मागे पडू लागली. २०२४ पासून तर आपल्या देशातही यंत्र स्वतःच उत्तराचा गोषवारा वर देऊ लागले; मग पुष्कळ वाचक दुकानाच्या पायरीपर्यंत येतच नाहीत.

पुतण्या घाबरला. एका सल्लागाराने ‘महिन्यात पहिला क्रमांक’ अशी हमी देऊन त्याच्याकडून बरीच रक्कम घेतली. (व्यापाऱ्याच्या घरचा मुलगा, पण गोड बोलण्याला भुलला!) अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगते. सशुल्क जाहिरातीची गोष्ट निराळी. तेथे शब्दांचा लिलाव असतो. गिऱ्हाइकाने बोट टेकविले की आपले पैसे जातात, आणि पैसे थांबले की जाहिरातही थांबते.

अखेर उपाय घरातच सापडला. जुन्या पत्त्यावर आलेल्यास आपोआप नव्या पत्त्यावर नेण्याची व्यवस्था केली. मजकुरात शहराची दोन्ही नावे घातली. औरंगाबाद बिहारातही आहे, म्हणून पैठणचा उल्लेखही केला. शिवाय माझ्या मातोश्रींना समोर बसवून हातमागाच्या पैठणीची खूण लिहून घेतली: पदर उलटून पाहावा, मागची नक्षीही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. ते वाचून लोक दूरध्वनी करू लागले. तरी गाडी पूर्ववत रुळावर येण्यास सात महिने लागले.

आता दर महिन्याच्या एक तारखेला तो ‘सर्च कन्सोल’ उघडतो. लोक कोणते शब्द लिहून आपल्यापर्यंत पोचले, याची यादी तेथे विनामूल्य मिळते. गेल्या महिन्यात जुने नाव सर्वांत वर होते, नवे त्याच्या पाठोपाठ, आणि तिसरा होता प्रश्न: ‘खरी पैठणी कशी ओळखावी?’ तो मातोश्रींना वाचून दाखविला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे, मग दुकानात येऊन का नाही विचारत?”